पशाला एक मूठ

देवकीला बसून राहायला सांगितलं होतं, आणि जन्मात तिला तेवढं एक काम जमलं नव्हतं.

उजवा हात कोपरापासून तळव्यापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, आणि खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे धड आत नाही, धड बाहेर नाही. ती घडीघडी उठायची, ओट्यापर्यंत जायची, डाव्या हाताने एखादं झाकण उचलायची, उगाच आत बघून परत ठेवायची. तेवढ्यात मनोहररावांचा आवाज यायचा, "देवकी, बसली का नाही तू?" की पुन्हा खुर्चीवर. मनीषनगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर नवतपाचं, मेअखेरच्या त्या नऊ पेटत्या दिवसांचं, ऊन जणू भिंतीतून आत येत होतं. कूलर नुसता घरघरत होता. घात त्यानेच केला होता. त्याच्या वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायला ती स्टुलावर चढली होती. मनोहरराव म्हणत होते, थांब, मी येतो. थांबेल ती देवकी कसली! स्टूल हललं, ती पडली आणि मनगट मोडलं.

बरं, मोडायला वेळ तरी कोणती शोधली? धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येणारा, आणि हिमानीच्या लग्नानंतरचा पहिलाच. येत्या रविवारी लेक आणि जावई अंकित प्रताप नगरातून जेवायला येणार होते आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं होतं. विकत काय, सगळंच मिळतं. पण देवकीच्या हातचा अनारसा हा सोयऱ्याधायऱ्यांमध्ये बोलायचा विषय होता. चुलत नणंदांच्या जावयांनीही तिचेच अनारसे खाल्ले होते. आता स्वतःच्या जावयाची वेळ आली आणि हात झोळीत.

हे झालं सगळ्यांना दिसणारं दुखणं. दुसरं एक होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात प्लास्टर वाळत होतं आणि मनोहरराव खाली औषधं आणायला गेले होते, तेव्हा डॉक्टर तिच्याजवळ बसून हळूच म्हणाले होते, "काकू, हाड जुळेल, त्याची काळजी नको. पण मूठ पहिल्यासारखी घट्ट वळेल की नाही, ते आज नाही सांगता येत." तिने मान हलवली होती, जणू काही भाजीचा भाव सांगितला. घरी आल्यापासून मात्र ती झोळीच्या आत बोटं हलवून बघत होती. बोटं हलायची. तळव्याकडे निघायची आणि अर्ध्या वाटेत थांबायची.

मूठ गेली तर तिचं काय जाणार होतं, हे तिच्याशिवाय कुणाला कळलं नसतं. त्या घरात मापाची वाटी नव्हती. मीठ चिमटीने, तिखट बोटांच्या पेरांनी, कणीक पशाने, गूळ मुठीने. हात होता तोवर माप होतं. आणि ते कधी कुणाला सांगायची वेळ आली नव्हती, कारण हात काय कुठे जाणार होता?

मनोहररावांनी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. मोजता येत नाही अशी गोष्ट त्यांना बेशिस्त पोरासारखी वाटायची. देवकी पडली आणि त्यांनी कंबर कसली. तांदूळ त्यांनीच भिजवले, तीन दिवस रोज न चुकता पाणी बदललं, चौथ्या दिवशी दोरीवरचा पंचा खाली अंथरून त्यावर पसरले, अर्धवट ओलसर असतानाच मिक्सरमधून काढून चाळले. देवकी दारातून उंटावरून शेळ्या हाकत होती आणि तिला मनातून मानावं लागत होतं की म्हातारा बरा करून राहिला आहे. मग गूळ किसायची वेळ आली आणि मनोहररावांनी ओट्यावर नवाकोरा डिजिटल वजनकाटा आणून ठेवला.

"हं, सांग. किती?"

"पशाले एक मूठ," देवकी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पसाभर पिठाले मूठभर गूळ. दाबून."

"ग्रॅममध्ये सांग ना."

"ग्रॅममध्ये सांगता आलं असतं तर मी किराणा दुकान नसतं टाकलं?"

मनोहररावांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल उघडला. "ही एक बाई म्हणते, तांदळाच्या वजनाएवढा गूळ. ही दुसरी पाऊण पट म्हणून राहिली. अन् ही तिसरी कपानं मोजते."

"कोणता कप? चहाचा, का तुमच्या शाळेत खो-खोले भेटे तो?"

"तेच तर! अन् तांदूळ भिजवायच्या आधी तोलले का नंतर, हे एकीनंही नाही सांगितलं. ओल्या पिठात पाण्याचं वजन येते का नाही? कपभर पीठ अन् कपभर गूळ सारखे भरत असतात काय? हलकं कोणतं, जड कोणतं, काही विचारच नाही." ते मोबाइलवरच्या बाईवर असे तापले की जणू ती नववी ब मध्ये शेवटच्या बाकावर बसली होती.

शेवटी पंचपाळ्याएवढं एक भांडं काट्यावर ठेवून त्यांनी देवकीला ओट्याशी बोलावलं. पशाचं जमलं. डाव्या हाताचा पसा, म्हणजे उघडा खोलगट तळवा, उजव्यासारखाच होता. तिने तीनदा पीठ घेतलं आणि तिन्ही वेळा काटा सत्तरच्या आगेमागेच थांबला. मनोहरराव खूश. मग गूळ. डाव्या मुठीत किसलेला गूळ घेऊन तिने दाबला आणि भांड्यात सोडला. चाळीस. पुन्हा घेतला. पंचावन्न. पुन्हा. छत्तीस.

"नीट दाब ना वं."

"दाबूनच राहिली ना! हा हात दाबत नाही. हा हात आजवर नुसता धरतच आला, करत तो होता." तिने झोळीकडे हनुवटी केली.

मनोहरराव म्हणाले, "मूठ म्हणजे मूठ," आणि आपला हात गुळात घातला.

देवकीला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं. पण ओरडून सांगणार काय? त्यांची मूठ मोठी आहे, एवढंच. किती मोठी, ते तिला कुठे सांगता येत होतं! हिमानीनेही लग्नानंतर फोनवर माप मागितलं होतं, तेव्हाही ती हेच म्हणाली होती, पशाला एक मूठ, त्यात काय विचारायचं. हिमानीची मूठ चिमणीएवढी. तिचे अनारसे दगड झाले आणि पोरीने पुन्हा नाव काढलं नाही. तेव्हा देवकी हसली होती. आता तिला ते हसणं आठवलं.

एक बरं झालं, मनोहररावांनी सगळं पीठ नाही वापरलं. शिकवण्याची सवय, आधी नमुना. थोडंसं पीठ मळून ठेवलं, उरलेलं डब्यात घट्ट झाकून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, त्यांनी नमुन्याची गोळी खसखशीवर थापली आणि तुपात सोडली. क्षणभर ती होती. मग तिच्या कडा थरथरल्या, मधे भेग पडली, आणि बघता बघता सगळा अनारसा तुपात विरघळून पसरला. कढईत नुसता गुळाचा फेस आणि खसखशीचे दाणे.

"हसला," देवकी म्हणाली. अनारसा असा फुटून विरघळला की बायका हसला म्हणतात. तिला मात्र रडू आलं.

"गूळ जास्त झाला," मनोहरराव झारा हातात धरून म्हणाले.

"ते मलेही दिसते!"

झारा तसाच हातात धरून ते उभे राहिले. आता नवे तांदूळ भिजवायला वेळ नव्हता. फ्रीजमधल्या पिठात आज गूळ पडला तरच रविवारपर्यंत ते मुरणार होतं. म्हणजे चूक करायला जागा उरली नव्हती; जे आज मळलं जाईल तेच रविवारी ताटात जाणार. देवकी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, फ्रीज उघडला, बंद केला. प्लास्टरच्या आत हात खाजत होता आणि खाजवता येत नव्हतं.

त्यातच हिमानीचा फोन. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, कशाले जिवाले लावून घेतं? विकत आण ना. अंकितले काय समजते?"

"अंकितले नाही समजत. मले समजते," देवकी म्हणाली आणि फोन ठेवला. मग पोरीवर उगाच चिडले म्हणून आणखी चिडली.

मनोहरराव या सगळ्यात ओट्याला टेकून तिच्या झोळीकडे बघत होते. एकदम वाकले, ओट्याखालच्या फडताळाचं दार उघडलं आणि आतून चिनीमातीची मोठी बरणी बाहेर ओढली. चिंचेची बरणी. चैत्रात नवी चिंच आली की देवकी ती फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे करून वर्षभराला ठेवायची. गोळे म्हणजे काही लाडूसारखे गोल नव्हेत. एका हाताच्या मुठीत चिंच कोंबायची, करकचून दाबायची आणि मूठ उघडून बरणीत सोडायची. यंदाची बरणी पडायच्या महिनाभर आधी भरलेली होती.

त्यांनी एक गोळा काढून वर उजेडात धरला. एका अंगाला चार बोटांच्या चार खाचा, दुसऱ्या अंगाला तळव्याचा फुगवटा, टोकाशी अंगठ्याचा खळगा.

"हे घे," ते म्हणाले आणि गोळा तिच्या डाव्या हातात ठेवला. "ही तुझी मूठ आहे."

देवकी त्या गोळ्याकडे बघतच राहिली. हजारदा केलेली गोष्ट. कधी अशी बघितली नव्हती. करंगळीची खाच जरा वाकडी होती, कारण तिची करंगळीच लहानपणापासून वाकडी. ही मूठ बरणीत होती, आणि झोळीतली कुठवर वळेल ते देवाला ठाऊक. तिने गोळा पटकन परत दिला.

"मग? चिंच घालता अनारशात?"

"पाहत राह्य."

मनोहररावांना जोर चढला. परातीत एक पातेलं ठेवलं, काठोकाठ पाण्याने भरलं. गोळा पातळ पिशवीत हवा न राहील असा गुंडाळला, दोऱ्याने बांधला आणि दोऱ्याला धरून अलगद पाण्यात सोडला. परातीत पाणी सांडलं. ते सांडलेलं पाणी त्यांनी थेंबही न गमावता भांड्यात ओतलं आणि काट्यावर ठेवलं.

"पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. गोळ्यानं जेवढी जागा खाल्ली तेवढं पाणी बाहेर आलं. तेवढी तुझ्या मुठीतली जागा." काटा साठवर थांबला. त्यांनी दुसरा गोळा घेतला, तिसरा घेतला. चौसष्ट. बासष्ट. "पाह्य, कशी सारखी आहे! एवढी सारखी तर शाळेत पोराइच्या प्रयोगवहीतही नव्हती येत."

मग एका छोट्या डबीत त्यांनी बासष्ट ग्रॅम पाणी ओतलं आणि इकडेतिकडे पाहून देवकीच्याच कपाळावरची टिकली काढून डबीला बाहेरून त्या पातळीवर चिकटवली. पाणी ओतून टाकून डबी पुसली आणि टिकलीपर्यंत गूळ भरला.

"दाबा," देवकी म्हणाली.

"दाबला ना."

"अजून दाबा. अंगठ्याले ओल लागली पाहिजे." त्यांनी दाबला. गूळ खाली बसला, वरून आणखी घातला, पुन्हा दाबला. "अजून. हं. आता बस्स."

गूळ काट्यावर गेला. अडुसष्ट. पसाभर पीठ सत्तर. मनोहररावांनी काल स्वतःच्या मुठीचा गूळ तोलला होता, तो शंभरावर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अशी चमक होती की देवकीला राग यायला हवा होता, पण नाही आला. उरलेल्या पिठात त्या हिशेबाने गूळ पडला, चमचाभर तूप पडलं, गोळा मळून डब्यात बंद झाला. बरणी आत ठेवताना मनोहरराव म्हणाले, "हे तीन गोळे आजच्या आमटीत टाकतो, भिजलेच आहेत जरा."

"नाही! राहू द्या ते," देवकी म्हणाली. स्वतःच्याच आवाजाला दचकली. "आज आमसूल टाका."

गोळे पुसून बरणीत गेले.

इथवर सगळं ठीक झालं असं कुणाला वाटेल. देवकीलाही दुपारपर्यंत वाटलं. पण दुपारी तिचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा घरात मनोहरराव नव्हते. त्या टळटळीत उन्हात, जेव्हा कुत्रीही गाड्यांखालून बाहेर येत नाहीत! तिने दोन फोन केले, उचलले नाहीत. पाणी प्यायला ओट्यापाशी गेली तर वजनकाटा जागेवर नव्हता.

ऊन कलताना ते आले. डोक्याला दुपट्टा, तोंड लालबुंद, लू लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा पँटमधून फुगलेला. हातात कापडी पिशवी. देवकीला पाहिलं आणि पिशवी पाठीमागे गेली.

"कुठं गेलते?"

"इतवारीत. काम होतं जरासं."

"काटा घेऊन?"

"हो," म्हणून ते आतल्या खोलीत गेले आणि कपाटाच्या अगदी वरच्या खणात काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

देवकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही दुधखुळी नव्हती. इतवारीच्या बाजारात मिठाईवाले आहेत. माणूस काटा घेऊन गेला, कारण त्याचा दुकानदाराच्या काट्यावरही भरवसा नाही. रविवारी हिचे अनारसे फसलेच तर ताटात घालायला तेहतीस विकतचे आणून ठेवले, आणि तेही लपवून! सकाळी चिंचेचे गोळे पाण्यात बुडवून एवढी नाचानाच केली आणि मनात हे? विश्वास नव्हता तर तसं सांगायचं. तिने रात्रीच्या जेवणात त्यांना एक शब्द विचारला नाही, आणि न विचारल्याने तिलाच अन्न गेलं नाही.

शुक्रवार तिने येरझाऱ्यांत काढला. अनारशांच्या पिठाचा डबा उघडून वास घ्यायची. आंबूस-गोड वास चढत होता, तसा तो चढायलाच हवा. मग कपाटाकडे बघायची. शनिवारी मनोहरराव दूध आणायला खाली गेले तेव्हा तिने ते स्टूल, तेच, कपाटाखाली सरकवलं आणि एक पाय वर ठेवला. स्टूल जरा हललं. ती तशीच उभी राहिली, एक पाय वर, एक खाली, आणि तिला आपलीच भीती वाटली. दुसराही हात मोडून घेशील काय वं, ती स्वतःला म्हणाली, आणि पाय खाली घेतला. स्टूल सरकवताना लाथही मारली त्याला.

रविवारी सकाळी मनोहररावांनी कढई चढवली. देवकी खुर्चीवर नव्हती. त्यांच्या कोपराला कोपर लावून उभी होती. गोळी खसखशीवर थापली गेली, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सुटली. कडा थरथरल्या.

"तूप उडवा वरून, झाऱ्यानं. उलटू नका! उलटू नका म्हणलं ना!"

"कुठं उलटून राहिलो?"

अनारसा फुगला नाही, फुटला नाही. कडेने बारीक बारीक भोकं पडू लागली, मग मध्यापर्यंत गेली, आणि तांबूस जाळी धरून तो शहाण्यासारखा तुपावर तरंगत राहिला. देवकीने डाव्या हाताने मनोहररावांचा दंड इतका घट्ट धरला की झारा हलला. "नाही हसला," ती म्हणाली आणि स्वतःच हसली, डोळे पुसत. दोन दिवसांचा अबोला त्या तुपात कुठे गेला ते तिला कळलंही नाही. मात्र कपाटातली पिशवी ती विसरली नव्हती.

हिमानी आणि अंकित अकराच्या आत आले. हिमानीने पदर खोचून उरलेला स्वयंपाक हाती घेतला. अंकित मिहानमधल्या एका कंपनीत कामाला, बोलायला कमी आणि खायला दणदणीत, म्हणजे देवकीच्या मते जावई असावा तसा. पाटावर बसवून त्याला कुंकू लावायचं तर उजवा हात लागतो. देवकी त्याच्यासमोर बसली आणि अडखळली. अंकितने न बोलता मान पुढे केली, खाली, तिच्या झोळीपर्यंत, आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या अंगठ्याने तिने त्याच्या कपाळावर एक वाकडं बोट ओढलं. पितळी ताटात तेहतीस अनारसे, मधे दिवा. वाण दिलं.

अंकितने एक तिथल्या तिथे उचलला. "मम्मी, एक नंबर!" आणि दुसऱ्याकडे हात. हिमानीने मात्र अर्धा तोडला, हळूहळू चावला आणि आईकडे पाहिलं.

"आई, हे तुझेच आहेत. पण हात तर..."

"तुझ्या बाबानं केले."

"बाबानं?" पोरगी बघतच राहिली. मग एकदम म्हणाली, "बाबा, मले माप सांगा! हिनं कधीच नाही सांगितलं."

देवकीला ते लागलं. न सांगायला काय, तिने लपवून थोडंच ठेवलं होतं! पण तोंड उघडायच्या आत तिने पाहिलं, मनोहरराव आतल्या खोलीकडे निघाले होते. कपाट उघडल्याचा आवाज आला. आता कशाला? एवढे चांगले झाले असताना जावयासमोर ते विकतचे कशाला आणता?

पिशवीतून निघाली वर्तमानपत्राची दोन पुडकी. मनोहररावांनी एक हिमानीच्या हातात दिलं, एक देवकीच्या मांडीवर ठेवलं. हिमानीने कागद फाडला. आत स्टीलची एक छोटी वाटी. आतल्या बाजूने गोल फिरलेली एक कोरलेली रेघ, आणि बाहेर, भांड्यांवर घालतात तसं, बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं.

"भांडेवाला मले पागल समजला," मनोहरराव म्हणाले. "वाट्यांत पाणी भरून तोलत बसलो त्याच्या दुकानात. या रेघेपर्यंत दाबून गूळ. पसाभर पिठाले एवढा. मीठ, साखर, शेंगदाण्याचा कूट, आई मूठभर म्हणन तिथं हीच."

हिमानी वाटी फिरवत होती. "पण बाबा, याच्यावर तर आईचं नाव आहे. माझ्यासाठी आणली ना?"

"वाटी तुझीच आहे. नाव वाटीचं नाही वं, मापाचं आहे."

देवकीच्या मांडीवरचं पुडकं तसंच होतं. तिने ते उघडलं नाही. ती मनोहररावांकडे बघत होती. रोज सकाळ-संध्याकाळ 'दीड महिन्यात हात पहिल्यासारखा होते पाह्य' असं तिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणारा हा माणूस नवतपाच्या उन्हात इतवारीत गेला आणि तिची मूठ स्टीलमध्ये कोरून आला. एक नाही, दोन.

"तुम्हाले कवा सांगितलं डॉक्टरनं?" तिने विचारलं.

मनोहररावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो स्वच्छच होता. "औषधं घेऊन वर येत होतो ना, जिन्यात भेटले ते."

"अन् तुम्ही बोलले नाही."

"तू कुठं बोलली?"

हिमानी एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होती. अंकितने तिसरा अनारसा ताटात परत ठेवला. देवकीला रडू येत होतं आणि ते दुःखाचंच होतं असं तिला सांगता आलं नसतं. इतके दिवस तिला वाटत होतं की ती हाताला घाबरते आहे. हाताचं काय, एका हाताने जगणारी माणसं तिने पाहिली होती. भीती होती ती वेगळी: मुठीत जे होतं ते बाहेर कुठेच नव्हतं, आणि मूठ नाही वळली तर ते तिथेच संपणार होतं. तिने कागद फाडला. वाटीच्या रेघेवर डाव्या हाताचं बोट फिरवलं. झोळीतली बोटं वाटीभोवती घालून पाहिली. गेली तेवढी गेली.

"रेघ बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "पण मीठ दाबून नाही भरायचं. मीठ सैल. साखर पण सैल. तुम्ही सगळं चिंचेसारखं समजले काय?"

"अरे!" मनोहररावांनी कपाळाला हात लावला.

हिमानी डोळे पुसून हसत आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "आई, आमटीले चिंच कुठं आहे वं?"

मनोहरराव चटकन उठले. "थांब, आमसूल..."

"बसा तुम्ही," देवकी म्हणाली. आणि मोठ्याने आत सांगितलं, "ओट्याखाली बरणी आहे. त्यातला गोळा घे एक."

"अख्खा?"

"अख्खा. मुरू दे गरम पाण्यात."

बरणीचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मनोहरराव तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे न बघता मांडीवरची वाटी धरून खुर्चीवर बसली होती, आणि आमटीला उकळी येईपर्यंत एकदाही उठली नाही.